क्रेनकाकांचं मानपत्र

आमच्या वाचनालयाच्या दारावरची चपलांची पाटी क्रेनकाकांनी तीन वेळा बदलायला लावली. पहिली पाटी होती, ‘चपला बाहेर काढा.’ काका दारात थांबले, पाटी मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, “हा कोन हवालदार बसवला गा दारावर?” वाचनालयाचा सेक्रेटरी मी. मी दुसरी पाटी रंगवली, ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात, ही नम्र विनंती.’ काका म्हणाले, “आता हा पाया पडून राहिला. पुस्तक वाचाले आलेल्या मानसालेच लाज वाटन.” तिसरी मी रागानं लिहिली, ‘चपला घालून आत येऊ नये. हुकमावरून.’ काकांनी चपला काढून हातात घेतल्या, पाटीला वाकून सलाम केला आणि आत जाऊन बसले. चौथी त्यांनी सांगितली आणि मी फक्त रंगवली. ‘आत सतरंजी आहे.’ त्यानंतर चपलांची तक्रार आली नाही. एक गृहस्थ तर बाहेरच्या नळावर पाय धुऊन आत येऊ लागले.

काका भिलाईच्या स्टील प्लांटच्या मिलमध्ये क्रेन चालवत. छताखाली रुळांवर पळणारी ती मोठी क्रेन, तिला लटकलेली काचेची केबिन आणि केबिनमध्ये दिवसाचे आठ तास काका. मूळचे भंडाऱ्याकडचे, शिक्षण मॅट्रिक, तेही दुसऱ्या खेपेला. ठेंगणे, रुंद, आणि दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत अस्वलासारखे दाट केस. “यायले स्वेटर घ्या लागत नाही,” असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपली की ते सायकलवरून थेट वाचनालयात येत आणि संध्याकाळपर्यंत हलत नसत.

छत्तीसगड वेगळं राज्य झालं त्या सुमाराला मी वाचनालयात जाऊ लागलो. मी शिकलो हिंदी शाळेत. मराठी फक्त घरात, आणि तीही जास्त करून आईच्या रागात. माझं अक्षर बरं म्हणून लोकांनी मला सेक्रेटरी केलं. मराठी पुस्तक कसं वाचावं हे मला काकांनी शिकवलं आणि त्यांच्या निरोपाच्या दिवशी मी त्यांना दुसऱ्या माणसाचं मानपत्र वाचून दाखवलं. ही कबुली आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल चांगलं लिहू लागलो की वाचकांनी मला भला माणूस समजू नये. त्या चुकीची भरपाई करायला मला पाच वर्षं लागली. ती भरपाई कशी झाली तेच मुख्यतः सांगायचं आहे. या लेखातही मी जरा जास्तच येणार आहे. काका असते तर त्यांनी अर्धा छाटला असता.

रविवारी आम्ही सहा-सात जण गोल बसून एखादी गोष्ट मोठ्यानं वाचत असू. काकांना गोष्ट आवडली की नाही हे शेवटपर्यंत कळत नसे. सगळ्यांचं बोलून झालं की ते विचारत, “केबिन कुठं हाय?” नवीन माणूस गोंधळून जाई. काकांचं म्हणणं असं, की सांगणारा कुठं तरी बसलेला असतो आणि तिथून त्याला काही दिसतं, काही दिसत नाही. “मले वरून सगळी मिल दिसते. पन मानूस म्हंजे काय, एक पिवळं टोपरं. हासून राहिला का रडून राहिला, काही समजत नाही. खालच्याले मानसाचं तोंड दिसते, पन मांगून येनारा भार दिसत नाही. आता सांगा, खरं कोनाले दिसते?” कोणी म्हणे वरच्याला, कोणी म्हणे खालच्याला. “दोघाईले थोडं थोडं,” म्हणून ते स्वतःच उत्तर देत आणि चहा मागवत.

एकदा एका दिवाळी अंकातली गोष्ट वाचली. तिच्यातली सून इतकी भांडखोर, की ऐकता ऐकता आमचं रक्त तापलं. मीच तावातावानं म्हणालो, अशा बाईला घरात ठेवू नये. काकांनी विचारलं, “हे सांगून कोन राहिलं?”

“सासूचा भाऊ.”

“तो किती दिवस ऱ्हायला त्यायच्या घरी?”

पानं उलटून पाहिली. चार महिने.

“चार महिने,” काका म्हणाले. “आन पोळ्या कोन करे?”

पुढच्या रविवारी त्यांनी तीच गोष्ट मला सुनेच्या बाजूनं सांगायला लावली. मी उभा राहून पाच मिनिटं सांगितली आणि घरी आल्यावर बायकोशी नेहमीपेक्षा जरा मऊ बोललो. तिनं विचारलं, “बरं वाटून नाही राहिलं का तुमाले?”

नागपूरहून एक प्राध्यापक व्याख्यानाला आले होते. निवेदकाचा दृष्टिकोन, निवेदनाचा सूर, प्रतिमांची योजना, असं तासभर बोलले. चांगलं बोलले, पण शेवटी शेवटी सतरंजीवरचे दोघे जण डुलत होते. काका हात जोडून उठले. “जयभीम, सर. तुमी सांगितलं ते सारं बराबर हाय. आमी याले केबिन म्हन्तो.” प्राध्यापक हसले आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. काका पुढे कित्येक महिने सांगत, “सरानं माहं वाक्य लिहून नेलं. आता त्यायच्या कॉलेजातली पोरं पेपरात केबिन लिहितीन आन नापास होतीन.”

लोक त्यांच्याकडे कसलेही कागद घेऊन येत. कारखान्यातली नोटीस, गावाकडच्या भावाचं पत्र, लग्नाची पत्रिका. पुढे मोबाईल आले तेव्हा मोबाईलही आणू लागले. आमच्यातल्या एकाची बायको रुसून गोंदियाला माहेरी गेली होती. त्यानं मेसेज पाठवला, या महिन्यात सुट्टी नाही, न्यायला येता येत नाही. तिचं उत्तर आलं, ‘ठीक आहे.’ तो खूश होऊन काकांना दाखवायला आला. काकांनी चष्मा लावला.

“याच्या आंधी किती लिहे ते?”

“अरे बापा, दहा-बारा ओळी. सारं घर काढे.”

“शिव्या देत होती का?”

“हाव ना, मस्त.”

“मंग आजच्या गाडीनं जाय,” काकांनी फोन परत दिला. “शिव्या देत होती तवर तुही होती.”

तो गेला. दोन दिवसांनी बायकोला घेऊन आला. पुढे दर वर्षी दिवाळीला काकांकडे चिवड्याचा डबा पोचवत राहिला.

आता मानपत्राचं सांगतो. आमच्याकडे रीत अशी, की मराठी माणूस प्लांटमधून महिनाअखेरीला निवृत्त झाला की पुढच्या रविवारी वाचनालयात त्याचा सत्कार व्हायचा. शाल, नारळ आणि काचेच्या फ्रेममधलं मानपत्र. मानपत्र मोठ्यानं वाचायचं, मग त्याला द्यायचं. मी सेक्रेटरी झालो तेव्हा सगळी मानपत्रं सारखीच असत. नाव बदललं की झालं. माझं पहिलं मानपत्र मी काकांना दाखवायला नेलं. त्यात लिहिलं होतं, ‘आपण आम्हां सर्वांचे दीपस्तंभ आहात.’

“हा कुठं उभा केला तू दीपस्तंभ?” काकांनी विचारलं. “मरोद्याच्या तलावात?”

मी तो खोडला. पुढची ओळ होती, ‘आपण वटवृक्षाप्रमाणे सर्वांना सावली दिलीत.’

“वडाखाली गवत तरी उगवते का? त्याची बायको समोरच बसन. तिच्यासमोर असं बोलतेत का?”

तोही गेला. शेवटी उरलं चंदन. ‘आपण चंदनासारखे झिजलात.’ काकांनी बराच वेळ त्या ओळीकडे पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, “तो चंदन, ठीक हाय. मंग सहान कोन? कंपनी का बायको?”

मी चिडून कागद चुरगाळला. म्हणालो, मग लिहू काय? काका म्हणाले, “लिहिन्याच्या आंधी पाय. त्याच्या घरी जाय. सायकल पाय, डबा पाय, हात पाय. जे पाहशीन ते लिहिजो. आपल्याले काय वाटते ते लोकाईले वाटू दे.”

तेव्हापासून तेच सुरू झालं. मी जायचो, पाहून यायचो, आणि आम्ही दोघं मिळून लिहायचो. भट्टीवरचे मेश्राम निवृत्त झाले तेव्हा मी त्यांच्या घरी दोन संध्याकाळी जाऊन बसलो. मेश्राम काही बोलेनात. त्यांच्या बायकोनं चहा देता देता सहज सांगितलं, की यांच्या उजव्या हातावर केस राहतच नाहीत. आम्ही लिहिलं, ‘आपल्या उजव्या हातावरचे केस गेल्या बावीस वर्षांत एकदाही पुरते उगवले नाहीत. भट्टी रोज थोडे घेऊन गेली.’ सत्काराच्या दिवशी मी ही ओळ वाचली तेव्हा मेश्रामकाकू आधी हसल्या आणि मग त्यांना रडू आवरेना. मेश्राम आपला हात असा उलटा-सुलटा करून पाहत राहिले, जणू तो आजच मिळाला होता. लोक मला म्हणाले, वा सेक्रेटरी. मी काकांकडे बोट दाखवायला हवं होतं. मी फक्त हसलो.

अशी बावीस मानपत्रं आम्ही लिहिली. तेविसावं काकांचं होतं.

त्याच सुमाराला माझी प्रमोशनची मुलाखत होती, हे मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण कारणही नव्हतं. मला वाटलं होतं, काकांचं काय, एका बैठकीत लिहून होईल. म्हणून मी शनिवार संध्याकाळपर्यंत ढकललं. शनिवारी कॉम्प्युटरसमोर बसलो आणि पहिली ओळ सुचेना. ज्या माणसानं मला बारा वर्षं ‘जाऊन पाहा’ म्हणून पिटाळलं, त्याला मी स्वतः जाऊन पाहिलंच नव्हतं. त्याच प्लांटमध्ये मेंटेनन्सला असून त्यांच्या क्रेनखाली मी एकदाही उभा राहिलो नव्हतो. तासभर बसलो. मग मेश्रामांच्या मानपत्राची फाईल उघडली, नाव बदललं आणि कॉम्प्युटरला सांगितलं, की जिथं जिथं ‘भट्टी’ आहे तिथं ‘क्रेन’ कर. त्यानं इमानदारीनं केलं. वाचून पाहायची तसदी मी घेतली नाही. रविवारी सकाळी सुपेल्याच्या बाजारात जाऊन फ्रेम करून आणली.

सत्काराला वाचनालय भरून गेलं होतं. काका शाल पांघरून खुर्चीत बसले होते, शर्टाच्या बाह्या नेहमीसारख्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर दोन मांजरं बसावीत तसे पसरलेले. मी माईकवर, छान आवाज लावून वाचत होतो. वाचता वाचता ओळ आली. ‘आपल्या उजव्या हातावरचे केस गेल्या बावीस वर्षांत एकदाही पुरते उगवले नाहीत. क्रेन रोज थोडे घेऊन गेली.’

सगळ्यांनी आधी काकांच्या हाताकडे पाहिलं. मग मेश्रामांकडे. दुसऱ्या रांगेत मेश्राम आपला हात पाठीमागे लपवत होते. मागून कोणीतरी फसकन हसलं. मी त्या कागदाकडे नुसता बघत राहिलो.

काकांनी सावकाश उजवी बाही उलगडली, मनगटापर्यंत खाली ओढली आणि बटण लावलं. मग डावी. “पंखा लई जोरात हाय बाप्पा,” ते शेजारच्याला म्हणाले. मग माझ्याकडे पाहून पंजा जमिनीकडे करून हळूहळू खाली आणला. खालचे लोक क्रेनवाल्याला भार अलगद उतरव म्हणून करतात तशी ती खूण होती. मी उरलेलं मानपत्र वाचून टाकलं. उत्तराच्या भाषणात काका एवढंच म्हणाले, “सेक्रेटरीसाहेबाचा आवाज मोठा साफ हाय.”

त्यानंतर त्यांनी या गोष्टीचा एकदाही उल्लेख केला नाही. हेच मला सोसेना. चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. क्वार्टर सोडून ते जुनवानीला स्वतःच्या घरात राहायला गेले आणि ती फ्रेम त्यांनी बैठकीत बुद्धमूर्तीशेजारच्या भिंतीवर लावली, दारातून येणाऱ्याला समोरच दिसेल अशी. मी महिन्यातून एकदा जायचो आणि फ्रेमला पाठ करून बसायचो.

एकदा मे महिन्यात गेलो. कूलरही गरम हवा फेकत होता आणि काका पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाशी बटणं लावून बसलेले. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, “काका, आजकाल तुम्ही अगदी टापटीप.” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “कायचे टापटीप. तुहा फोन आला का हा शर्ट पेटीतून निघते. तू गेला का बनेनवर येते हे.”

“कावून सांगते व त्याले?” काका म्हणाले.

मी चहा तसाच ठेवून उठलो. घरी आल्यावर पहिल्यांदा नवीन मानपत्र लिहायला बसलो. जमलं नाही. त्यानंतर चार वर्षांत किती वेळा बसलो असेन. दर वेळी पहिल्या ओळीलाच माझा गळा भरून यायचा आणि दुसरी ओळ व्हायचीच नाही.

मग कळलं, की काका-काकू भिलाई सोडून पुण्याला मुलाकडे चालले आहेत. काकांना डोळ्यांनी कमी दिसू लागलं होतं, गुडघेही गेले होते. हाताशी पंधरा दिवस होते. मी रजा काढली आणि चार पानं लिहून काढली. त्यात सगळं होतं. माझा आळस, माझी फुशारकी, ती फाईल, ती ओळ, ती बाही, त्यानंतरची पाच वर्षं. जुनवानीला जाऊन मी ती त्यांना वाचून दाखवली. वाचून झालं तेव्हा काकू पदरानं डोळे पुसत होत्या. मला वाटलं, जमलं.

मी वाचत असताना काकांची बोटं मांडीवर काहीतरी मोजत होती. “पहिल्या पानावर ‘मी’ किती खेपा आला?” त्यांनी विचारलं.

“मोजलं नाही, काका.”

“एकवीस खेपा. मी मोजला. याच्यात तू झोपत नाहीस, तुले घास जात नाही, तुहा गळा भरून येते. मी कुठं हाय? एका जागी बाही खाली करतो. बस.”

“काका, मी तुमची माफी...”

“ते तं त्याच दिवशी झालं. केवाचंच.” ते थांबले. “माफीनामा फ्रेम करत नाहीत गा, सेक्रेटरी. बावीस लोकाईचे लिहिले आपून दोघानं. माहंच एक नाही. मले पाहिजे ना ते.”

‘पाहिजे ना’ हे ते ज्या आवाजात म्हणाले, तो मी त्यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकला नव्हता. इतकी वर्षं मी समजत होतो, की त्यांना माझा पश्चात्ताप हवा आहे. त्यांना त्यांचं मानपत्र हवं होतं.

“तुह्या केबिनीतून तुले तूच दिसते,” काका म्हणाले. “उतर आन दुसरीकडून पाय.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मिलमध्ये गेलो आणि पहिल्यांदा त्यांच्या क्रेनखाली उभा राहिलो. वर केबिनमध्ये कोणी नवा माणूस होता. खरंच, खालून त्याचं तोंड दिसत नव्हतं. मी तिथल्या लोकांना विचारलं, काकांच्या वेळी खाली भाराला साखळी बांधणारा कोण होता? ते म्हणाले, मनराखन. तो निवृत्त होऊन जामुलला राहतो. मी स्कूटरनं जामुलला गेलो. मनराखन अंगणात बसून सुपात तांदूळ निवडत होता. काकांचं नाव सांगितलं तर त्याला कळेना. क्रेन म्हटल्यावर तो हसला.

“भालू?” त्यानं विचारलं.

मी चमकलो. तो छत्तीसगडीत सांगू लागला, “नीचे ले ओकर मुँह नइ दिखय, साहेब. खिड़की ले बस हाथ दिखय. अतेक बाल. हमन भालू कहत रहेन.” पाळी संपली की काका वरच्या जिन्यानं परस्पर बाहेर पडायचे, म्हणून खालच्या लोकांना त्यांचा फक्त केसाळ हात दिसायचा, आणि त्या हाताच्या हालचालीवरून ते आठ तास काम करायचे. ज्या हातावर केस नाहीत म्हणून मी माईकवरून सांगितलं होतं, त्या हातावरून अख्खी मिल त्यांना ओळखत होती. मला इतकं हसू आलं, की मनराखनही हसायला लागला.

मग त्यानं सांगितलं, सुरुवातीला ते सगळे भालूला शिव्या द्यायचे. कारण खाली माणूस दिसला की तो भार थांबवायचा आणि घंटा वाजवत बसायचा. एकदा मनराखन वाटेत उकिडवा बसून बुटाची नाडी बांधत होता. फोरमन ओरडत होता, चल, चल, घाई आहे. भालू जागचा हलला नाही. नाडी बांधून होत नाही असं पाहिल्यावर त्यानं भार मागे नेला आणि पूर्ण वळसा घालून पलीकडून आणला. फोरमन ओरडत होता आणि वरून घंटा वाजत होती. मनराखन सुपावरचा हात थांबवून म्हणाला, “तीस बछर होगे रिहिस, साहेब. ओकर बोझा के छइहां हमर ऊपर कभू नइ परिस.”

तीस वर्षांत त्याच्या भाराची सावली आमच्या अंगावर कधी पडली नाही.

मी सुपाशेजारीच बसून ते लिहून घेतलं. घरी येऊन मानपत्र लिहायला अर्धा तास लागला. आठ ओळी झाल्या. सुरुवात अशी होती, ‘आम्ही खाली होतो. आम्हाला तुमचा चेहरा दिसत नसे, फक्त हात दिसे.’ शेवटची ओळ सावलीची.

काकांनी डोळे मिटून ऐकलं. पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं. काकू स्वयंपाकघरातून येऊन दारात उभ्या होत्या.

“सावलीचं कोन बोललं?” काकांनी विचारलं.

“मनराखन.”

“तुह्या डोक्यातलं नाही?”

“नाही, काका.”

“तो हाय अजून? बरा हाय?” मग कागद जवळ ओढून त्यांनी अगदी डोळ्यांशी नेला. “खाली तुही सही कावून?”

“सेक्रेटरी म्हणून...”

“सेक्रेटरीनं अक्षर काढलं. पाहिलं त्यानं. त्याची सही आन.”

मी कागद नव्यानं लिहिला, माझं नाव गाळून. दुसऱ्या दिवशी मनराखनला स्कूटरवर मागे बसवून जुनवानीला आणलं. तो दारातच थबकला आणि काकांकडे खालून वर पाहायच्या सवयीनं त्यानं आधी छताकडे पाहून मग खुर्चीकडे पाहिलं. “तैं तो अब्बड़ छोटे हस,” तो म्हणाला. तू तर फारच ठेंगणा आहेस. काका इतके हसले, की त्यांना ठसका लागला. मी मानपत्र त्याला हिंदीत समजावून सांगितलं. त्यानं मान हलवली, पेन घेतलं आणि एकेक अक्षर जोडत सही केली. काका वाकून पाहत होते. जुनी फ्रेम उतरवून मी तिच्यातला कागद काढायला लागलो तर काका म्हणाले, “राहू दे मांगं. काचेले टेकाले पुठ्ठा पाहिजे ना.” म्हणून केसांच्या ओळीचं ते मानपत्र अजूनही नव्याच्या पाठीशी आहे.

दुर्गला स्टेशनवर मी त्यांना गाडीत बसवून दिलं. फ्रेम काकूंच्या मांडीवर, जुन्या चादरीत गुंडाळलेली. गाडी सुटेपर्यंत काका डब्यातल्या सूचना मोठ्यानं वाचून त्यातली एक सुरावरून कोण्या मास्तरची आहे आणि एक कोण्या मेहुण्याची आहे, हे समोरच्या प्रवाशाला समजावून सांगत होते.

दीड वर्षानं पुण्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला. तो लहानपणापासून आमच्याशी हिंदीतच बोलायचा. काका गेल्याचं त्यानं सांगितलं. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. मग तो म्हणाला, “अंकल, बाबा के कमरे में जो फ्रेम है, वो यहाँ सबने पढ़ा. बहुत अच्छा लिखा है. बाबा कहते थे सबके मानपत्र आप ही लिखते थे. ये भी आपने लिखा ना?”

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. ती फाईल, तो माईक, ती पाच वर्षं, जामुलची खेप.

“नहीं,” मी म्हणालो. “मनराखन ने. नीचे सही है उसकी. नंबर लिख लो, उसको भी बताना पड़ेगा.”